दिवस बुडाल्यावर बसायची जागा

थ्रीडी व्ह्यू नेहमी तिन्हीसांजेचा करायचा, हे आमच्या आर्किटेक्टांच्या धंद्यातलं गुपित. खिडक्यांतून पिवळा उजेड, वर निळं आभाळ. कुठलंही घर देखणं दिसतं आणि गिऱ्हाईक गप्प होतं. बाहुबली मगदूम गप्प झाले नाहीत. कागलकडचे हे जैन शेतकरी, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. बायको गेली, मुलगा सम्मेद बेंगळुरूला. दवाखाना जवळ असावा म्हणून त्यानं वडिलांसाठी कोल्हापुरात घर बांधायला काढलं होतं आणि तोवर प्लॉटजवळच भाड्याची खोली घेऊन दिली होती.

आण्णांनी स्क्रीनवरच्या जेवणाच्या टेबलावर बोट ठेवलं. दिवे लागलेले, ताटं वाढलेली.

"म्याडम, दिवस बुडाल्यावर आमच्यात जेवत न्हाईत."

मी जन्मानं कोल्हापूरची. शाळेत माझ्या शेजारी दीपा बसायची, तीही जैन. तिच्या घरी उजेड असतानाच जेवणं उरकायची, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. तरी ताटं मांडली. स्वतःचाच राग आला.

"उचला ती ताटं," आण्णा म्हणाले. "आन् फुडचं दावा. जेवून झालंय, दिवस बुडलाय. आता झोप येईपतोर मी कुठं बसू?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी हॉलच्या खिडकीपाशी खुर्ची ठेवली आणि तिच्यात बसलेल्या माणसाला जे दिसेल ते चित्र काढलं. समोर नुसती कंपाउंडची भिंत. सम्मेदनं ती सात फुटांची मागितली होती.

आण्णा स्क्रीनजवळ सरकले. "गावाकडं मी कट्ट्यावर बसायचो. जाणारा-येणारा इचारायचा, जेवला का आण्णा. ही भिंत इचारणार हाय व्हय?"

मी तेच चित्र सम्मेदला पाठवलं. खाली लिहिलं, जेवणानंतर आण्णांना रोज एवढंच दिसेल, भिंत कमरेएवढी करूया. उत्तर लगेच आलं. भिंत मस्त दिसतेय, तिच्यावर दिवे लावूया, पण उंची कमी नको. आण्णा एकटे असतात. त्याची काळजी खोटी नव्हती, म्हणून भांडताही येईना. मी नुसती चरफडले.

मग पायाच्या आखणीचा दिवस आला. जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं खोल्या आखल्या. संध्याकाळी साइटवर परत गेले, तर आण्णा जेवून, आखलेल्या हॉलमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले. मी रेषा ओलांडून सरळ त्यांच्याकडे निघाले.

"भिंतीतनं कुठं येताय? दारातनं या की."

मी मागे फिरून दारातून आले. रस्त्यानं दूध घालून परतणाऱ्या एका बाईनं हाक मारली, "आण्णा, घर लई मोठं काढलंय की."

"या बसाय," आण्णा म्हणाले. तीही वळसा घालून दारातूनच आली आणि चांगली ऐसपैस टेकली. इतकी घरं काढली मी, पण बांधायच्या आधीच कुणी राहायला आलेलं हे पहिलंच.

त्या दिवसापासून कंपाउंडच्या भिंतीचं काम मी पुढे ढकलत राहिले. मालाच्या गाड्यांना आत यायला जागा लागते, असं सम्मेदला सांगितलं. घर उभं राहिलं, आण्णांची खुर्ची सरकत सरकत पुढच्या पायरीशी आली, आणि समोर रस्ता मोकळाच होता. पण फरशीची शेवटची गाडी रिकामी झाली आणि माझं निमित्तही संपलं. गवंड्यांनी बघता बघता भिंत चढवली.

गृहप्रवेशानंतर बऱ्याच दिवसांनी त्या बाजूनं गाडीवरून चालले होते. दिवस नुकताच बुडालेला. भिंतीवरचे दिवे लागलेले, अगदी माझ्या तिन्हीसांजेच्या चित्रातल्यासारखे. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, घराकडे पाठ करून आण्णा त्याच खुर्चीवर बसले होते.

मी गाडी बाजूला लावेपर्यंत एक पार्सलवाला त्यांच्यापाशी थांबला. त्याला ते वॉचमन वाटले असावेत.

"पावणं, मालक हायत का आत?"

आण्णांनी वळून बंद फाटकाकडे बघितलं.

"न्हाईत," ते म्हणाले. "आत कोण न्हाय. बसा की जरा."