चव बघणं म्हणजे खाणं नव्हे

"काही खाल्लंय का, मावशी?" रक्त घेणाऱ्या मुलीनं विचारलं.

"अगं, काही नाही. उपाशीपोटी बोलावलंत ना?" असं म्हणून हिनं हात पुढे केला आणि तोंड माझ्याकडे फिरवून डोळे गच्च मिटले. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये उकळती पातेली उचलणारी माझी बायको सुई दिसली की गळाठते. म्हणून घरी तिला इन्सुलिन मीच टोचतो. मी शिंपी. सुईचं काम आपसूकच माझ्याकडे आलं.

त्या रक्ताच्या तपासणीवर हिचा सगळा जीव टांगला होता. मागच्या वर्षी भर दुपारी भट्टीसमोर हिची साखर एकदम उतरली आणि ही रश्श्याच्या पातेल्यात पडता पडता वाचली. त्यानंतर मॅनेजरनं नियम काढला, की इन्सुलिनवर असलेल्या माणसानं भट्टीपाशी उभं राहायचं नाही. मुख्य आचारी असलेली ही बाई कोपऱ्यात बसून बटाटे सोलायला लागली. हिच्या जागी एक हंगामी आचारी आला. तिशीचा, अंगानं नुसती काडी. "माणसानं आपल्या हातचं खाल्लं असतं तर असा दिसला असता का?" असं ही पहिल्याच दिवशी म्हणाली, आणि नंतर रोज सकाळी त्याच्या पातेल्यांची चव बघून त्याला मीठमसाला सांगू लागली. रागही धरायचा आणि शिकवायचंही, अशी हिची तऱ्हा.

डॉक्टरीणबाईंनी वजन कमी करायचं ऑपरेशन सुचवलं. पोट लहान केलं की काही लोकांची साखर ताळ्यावर येते, इन्सुलिन सुटतं. काहींचं सुटत नाही. "आधी रक्त बघू," त्या म्हणाल्या. "शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्याबरोबर रक्तात आणखी एक पदार्थ सोडतं. टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. तो मोजला की तुमच्या घरचं अजून किती बनतंय ते कळतं. भरपूर असेल तर आशा जास्त. पण हा अंदाज आहे हं, मावशी, वचन नाही."

हिनं फक्त 'आशा जास्त' एवढंच ऐकलं.

आणि आकडा चांगला आला! अपेक्षेपेक्षा चांगला, असं डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या. घरी येताना ही रस्ताभर बोलत होती. भट्टीची जाळी बदलून घ्यायची, त्या काडीला भाताकडे लावायचं, रस्सा आपल्या ताब्यात ठेवायचा. मला वाटेत तीनदा "अहो, ऐकताय ना?" म्हणाली. मी ऐकत होतो. कितीतरी दिवसांनी ही अशी बोलत होती, मी कशाला थांबवू?

त्या रविवारी ही घरी स्वयंपाक करत होती आणि मी दारात बसून काज करत होतो. हिनं पळी उचलली, डाव्या तळव्यावर रस्सा ओतला, चाटला. दुसऱ्या पातेल्यातला चाटला. मग दुधातलं गोड घेतलं, पुन्हा घेतलं, साखर टाकली, पुन्हा घेतलं. मी सुई खाली ठेवली.

"रक्त द्यायला गेलो त्या सकाळी तू आधी कॅन्टीनला गेली होतीस ना गं?"

"गेले होते की. त्याला एकट्याला जमतं का?"

"आणि चव?"

"बघितली."

"म्हणजे खाल्लंस."

"काहीतरीच काय? चव बघणं म्हणजे खाणं का? आयुष्यभर सगळ्या पातेल्यांची चव बघतेय आणि दुपारी सगळ्यांचं झालं की जेवतेय. तोवर मी उपाशीच..." बोलता बोलता ही थांबली. तळव्याकडे बघितलं. गॅस बंद केला.

खाल्लं की शरीर इन्सुलिन जास्त सोडतं, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावून सांगितलेलं होतं; म्हणजे तो आकडा चवीनं फुगलेला असणार. मला स्वतःचाच राग आला. कशाला तोंड उघडलं? आकडा चांगला होता, ऑपरेशन तसंही व्हायचंच होतं, ही खुशीत होती.  जेवणं झाल्यावर ही भांडी घासून आली आणि म्हणाली, "खोट्या आकड्याच्या भरवशावर मी भट्टीपाशी परत उभी राहीन, आणि उद्या पुन्हा पडले तर? शेजारी तो काडीसारखा पोरगा असतो ना, रस्सा त्याच्या अंगावर जायचा."

हिनं जाऊन सगळं सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "साधारण किती खाल्लं असेल?" त्यांनी विचारलं. हिनं एक तळवा खोलगट करून दाखवला, मग जरा विचार करून दुसरा तळवाही जोडला. बाईंना हसू आवरेना. ही पण हसली.

या खेपेला मी हिला घरातून थेट रक्त द्यायला नेलं. आकडा बराच खाली आला. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. ऑपरेशन करा, त्या म्हणाल्या, गुडघ्यांचं दुखणं कमी होईल, दम लागणार नाही, इन्सुलिनही कमी होईल. पूर्ण सुटेल असं मात्र आता वाटत नाही.

"म्हणजे टोचावं लागणारच," ही म्हणाली.

"बहुतेक."

हिनं मान हलवली. बाहेर आल्यावर बाकावर बसली आणि रडली. मी शेजारी बसलो.  हात धरला एवढंच.

ऑपरेशन नीट झालं. हिचं वजन उतरलं, जिना न थांबता चढायला लागली. इन्सुलिन निम्म्यावर आलं आणि तिथेच थांबलं. कामावर रुजू व्हायच्या दिवशी ही आधी मॅनेजरच्या खोलीत गेली. मी घ्यायला गेलो तेव्हा त्यानंच मला सांगितलं. "मावशी म्हणाल्या, मुख्य आचाऱ्याची जागा रिकामी धरू नका, त्याला कायम करा. मी चिरायला बसेन." मग हसून म्हणाला, "कुठला मसाला कधी टाकायचा ते मात्र मीच सांगणार, असंही म्हणाल्या."

संध्याकाळी हिनं घरी पिशवीतून आपला भट्टीवरचा जाड एप्रन काढला आणि माझ्या मशीनवर ठेवला. "त्याच्या मापाचा करा," म्हणाली. त्या काडीचं माप तिनं आपल्या वितीनं घेऊन आणलं होतं. मी एप्रन पसरला, खडूनं रेघ मारली. निम्मं कापड रेघेच्या बाहेर राहिलं. मी कात्री उचलली.

"कापू नका," ही म्हणाली. "आत दुमडून शिवा. भट्टीपाशी उभं राहिलं की माणूस अंगानं भरतो."

मी कात्री ठेवली आणि कापड आत दुमडून टाचण्या लावायला घेतल्या. ही समोर बसून दुसरं टोक ताणून धरत होती.