एक पालथा, दोन सुलटे

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. चिनी मातीचा, चहाचा. भट्टीतून निघाल्यावर रंगकाम करणाऱ्या बाईंनी माझ्या पोटावर निळी रेघ ओढली. नेमकी तेव्हाच त्यांना शिंक आली, म्हणून ती रेघ एका जागी टुणकन उडी मारते. मला ती फार आवडते.

आम्ही सहा भावंडं विद्यापीठाच्या गणित विभागात आलो. तिथली माणसं बोलण्याच्या भरात चहा विसरतात, हातवारे मात्र विसरत नाहीत. बघता बघता तिघं फुटली. उरलेल्या तिघांना तिथे शिकवणाऱ्या मॅडम एक दिवस थेट वर्गात घेऊन गेल्या.

तो पहिल्या वर्षाचा सिद्धतेचा वर्ग होता. नुसतं उत्तर काढून तिथे भागत नाही. ते खरं का, हे पटवून द्यावं लागतं. मॅडमनी मला टेबलावर पालथं घातलं, दोघांना सुलटं ठेवलं आणि म्हणाल्या, "दर खेपेला कोणतेही दोन कप उलटायचे. कमी नाही, जास्त नाही. असं करत तिन्ही सुलटे करून दाखवा."

काय सांगू! तासभर आम्ही नुसत्या कोलांट्या खात होतो. पोरं हसून बेजार, पण जमलं कुणालाच नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने तर हातही लावला नाही. तिला सगळे 'पोपट' म्हणत. शाळेपासून पाठांतराच्या जोरावर ती पहिली येत होती, आणि इथे पाठ करण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन मॅडमच्या खोलीत आली. वडील बस चालवायचे.

"मॅडम, मी हा विषय सोडते," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "मला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

"सोड की," मॅडम म्हणाल्या. "पण जाता जाता या पालथ्या कपाला तरी हात लाव."

तिने आम्हाला उलटलं, पुन्हा उलटलं. "नाही जमत मला."

"तुला जमत नाही, की कुणालाच जमणार नाही?"

पोपटने पुन्हा आम्हाला उलटायला घेतलं. मग ती फक्त पालथे कप मोजू लागली. एक. तीन. एक. पुन्हा एक. आणि एकदम ओरडली, "मॅडम! दोन सुलटे उलटले तर पालथे दोनने वाढतात. दोन पालथे उलटले तर दोनने कमी होतात. एक सुलटा, एक पालथा घेतला तर होते तेवढेच राहतात. सुरुवातच एकापासून, म्हणजे एक नाहीतर तीन! शून्य येणारच नाही!"

आनंदाने तिने टेबलावर असा हात आपटला की मी गडगडत खाली! माझा कान तुटला. ती पांढरीफटक पडली. मॅडमना मात्र हसू आवरेना. "हे कुठे पाठ केलं होतंस गं?"

"कुठेच नाही!"

वडिलांना काही पटलं नव्हतं. "असं कसं? रस्ता बंद असला तरी फिरून वाट मिळतेच," म्हणत त्यांनी आम्हाला हातात घेतलं. फिरव फिरव फिरवलं. घाम फुटला.

"बाबा, जन्मभर फिरवलंत तरी नाही." ती त्यांच्याशेजारी बसली, त्यांच्याकडूनच पालथे मोजून घेतले, एकेक पायरी समजावली. त्यांनी आम्हाला अलगद टेबलावर ठेवलं.

"म्हणजे मी कमी पडलो नाही?"

"नाही, बाबा."

"मग बरंय!" ते खो खो हसले. विषय सोडण्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

कान नसलेल्या कपात चहा कोण देणार? वर्षातले बरेच महिने मी कपाटात धूळ खातो. एकदा तर केराच्या टोपलीतही जाऊन आलो. पण नवा वर्ग आला की मॅडम मला धुऊन पुसून बाहेर काढतात, आणि दरवर्षी कुणीतरी तस्संच ओरडतं.

मित्रांनो, कान तुटला म्हणून कप फेकू नका. आणि एखादी गोष्ट जमली नाही म्हणून स्वतःला लगेच नावं ठेवू नका. का जमत नाही, ते आधी नीट बघा.

चला, सरका जरा. पोरं आली वाटतं. मला पालथं पडायचंय!