तांबडं तेल, पिवळं तेल

आमच्या सोसायटीचे चेअरमन गोपाळकृष्ण सहस्रबुद्धे माझ्याशी फक्त लेखी बोलतात. एकाच मजल्यावर राहतो, रोज सकाळी दुधाच्या पिशव्या उचलायला एकमेकांसमोर वाकतो, पण बोलणं नोटीस बोर्डावर. २०१८ च्या मार्चमध्ये बोर्डावर लागलं : ‘काही सभासदांच्या वाहनातून पार्किंगमध्ये तेल गळते. काहींनी पंधरा दिवसांत बंदोबस्त करावा, अन्यथा वाहन आवाराबाहेर काढले जाईल. काही कोण, हे सर्वांना ठाऊक आहे.’

काही म्हणजे मी.

माझी मोटरसायकल १९७१ सालची, जर्मन. तिला साखळी नाही. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत एका नळीत बसवलेला लोखंडी दांडा फिरतो, त्याला शाफ्ट म्हणतात. साखळी नसल्यामुळे तेलकटपणा नाही, हा या गाडीचा मुख्य गुण. हे मी नारायण पेठेतल्या पार्किंगमध्ये, तेलाच्या थारोळ्याशेजारी उभा राहून लोकांना समजावत आलो आहे.

गाडी मुळात अर्धीच माझी. १९९१ मध्ये कॅम्पातले एक पारशी गृहस्थ ऑस्ट्रेलियाला निघाले, त्यांच्याकडून मी आणि दिगंबर गोडबोलेने मिळून घेतली. दिगंबर हडपसरला एका कारखान्यात फिटर होता. मी जर्मन शिकवायचो, अजून शिकवतो. गाडीबरोबर चारशे पानांचं जर्मन पुस्तक आलं होतं. तेव्हा वाटणी सोपी झाली : मी वाचायचं, त्याने हात काळे करायचे. सोळा वर्षं आमचे रविवार असे गेले. माझं लग्न झालं नाही. त्याचं झालं. पण रविवार तसेच राहिले. कुसुमवहिनी म्हणायच्या, “यांच्या दोन बायका आहेत. मी शनिवारपर्यंतची.”

२००७ मध्ये मागच्या चाकाखाली थेंब पडायला लागले. मी पुस्तक उघडलं आणि सांगितलं, मागच्या चाकाचं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी चकती, गेलं.

दिगंबर उकिडवा बसून बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, “गिअरबॉक्सचं गेलंय. तेल नळीतनं मागं उतरतंय.”

“थेंब मागे पडतोय, दिगंबर.”

“नळ वरच्या मजल्यावर फुटतो, श्याम. ओल खालच्याच्या भिंतीला येते.” मग त्याने उपाय सांगितला. गिअरबॉक्समध्ये तांबडं तेल भरायचं, मागे पिवळं. दोनशे किलोमीटर चालवायची. मागे तांबडं टपकलं, तर गिअरबॉक्स.

“पुस्तकात असं काही नाही.”

“पुस्तक लिहिणाऱ्याने गाडी नारायण पेठेत उभी केलेली का?”

त्या रविवारी वहिनीही आल्या होत्या, माझ्या स्वयंपाकघरातून चहा घेऊन खाली उतरल्या होत्या. त्या हसल्या. आणि मी, भारतीय विद्यार्थ्यांना परकीय भाषेत नम्रतेचे प्रकार शिकवणारा माणूस, म्हणालो, “ज्याला ते पुस्तक वाचता येत नाही, त्याने मत कशाला द्यावं?”

दिगंबरने हात पुसले. नटबोल्टचे पाने एकेक करून त्यांच्या जागी ठेवले. उरलेला चहा संपवला, कारण चहा टाकणाऱ्यांतला तो नव्हता. “बरोबर आहे तुमचं,” म्हणाला. मला तो आधी कधी ‘तुमचं’ म्हणाला नव्हता.

त्यानंतर तो आला नाही, त्याला अकरा वर्षं झाली. या काळात मी मागचं सील तीनदा बदलून घेतलं, तिन्ही वेळा पुस्तकाप्रमाणे. पुस्तक अजूनही बरोबर आहे. गाडी गळते.

तर बोर्ड वाचून मी नाना पेठेत गेलो आणि दोन डबे आणले. एक तांबडं, एक पिवळं. जुनं तेल काढलं. गाडी डिझेलने धुतली, पुसली, आणि ओल चटकन दिसावी म्हणून तिला अंगाची पावडर लावली. सहस्रबुद्धे पिशवी घेऊन चालले होते. थांबले, बघितलं. आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तोंडाने बोलले.

“लग्न ठरलं वाटतं?”

“गाडीचं.”

“तेच म्हणतो,” असं म्हणून ते गेले.

आता दोनशे किलोमीटर चालवणं आलं. ही अडचण मला आधी दिसली नव्हती. दोनशे किलोमीटर चालवायची तर कुठेतरी जावं लागतं, आणि मला जायला ठिकाण नव्हतं. माझे विद्यार्थी माझ्याकडे येतात. दुकानं पायी. एक चुलतभाऊ सासवडला होता, त्याच्याकडे गेलो. तो दारातच म्हणाला, “काय झालं?” काही झालं नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. पाण्याचा ग्लास हातात देऊन त्याने दोनदा विचारलं, “पण नक्की काही झालं नाही ना?” मी पाणी पिऊन परत आलो. पंचाहत्तर किलोमीटर झाले.

उरलेल्या दिवसांत मी थेऊरला गेलो, देवाकडे काही मागायचं नव्हतं तरी. खडकवासल्याला गेलो, कणीस खाल्लं. कणीसवालीने दोन भाजली. म्हणाली, “मागचं मानूस कुठं गेलं?” सवयीने मी दोन हेल्मेट नेत होतो, एक मागच्या सीटला अडकवलेलं. तिला म्हटलं, “येतंय.” मग दोन्ही कणसं मलाच खावी लागली, आणि ती तिकडून बघत होती.

आठव्या दिवशी दोनशे पुरे झाले, तेव्हा मागच्या चाकाखाली पेपर पसरला. सकाळी त्यावर चार थेंब होते. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बोटावर एक थेंब घेऊन उजेडात नेला.

तांबडा.

गाडीपुरतं मला सगळं कळलं होतं. नाना पेठेत सील मिळतं, बसवणारेही मिळतात. माझा प्रश्न वेगळा होता. अकरा वर्षांपूर्वी जे बोललो, ते परत घ्यायला दिगंबर मला दारात उभा करील का, एवढंच मला बघायचं होतं. पेपरची घडी करून खिशात घातली आणि खराडीला निघालो.

दिगंबर आता मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहतो. बाविसावा मजला. खालच्या पार्किंगची फरशी अशी, की त्यावर पोळ्या लाटाव्यात. वहिनींनी दार उघडलं, “अय्या” म्हणाल्या आणि आत वळून कोणाला तरी हाक मारायच्या ऐवजी माझ्याकडेच बघत राहिल्या.

दिगंबर आला. केस गेले होते. “या. बसा.”

मी पेपर उघडून टीपॉयवर ठेवला. “गिअरबॉक्स होता.”

त्याने वाकून बघितलं. हात लावला नाही. “असं का.”

“तू तेव्हाच म्हणाला होतास. मी जे बोललो ते...”

“चहा घेणार ना आपण? बिनसाखरेचा चालेल? आमच्याकडे तसाच होतो.”

चहा झाला. त्याने मला बाल्कनीतून विमानतळ दाखवला. विमानं कधी उतरतात ते सांगितलं. वहिनी दोनदा काहीतरी बोलायला गेल्या आणि दोनदा बशा उचलून आत गेल्या. वीस मिनिटांनी तो लिफ्टपर्यंत सोडायला आला. खाली मात्र आला नाही. बटण त्यानेच दाबलं.

पेपर टीपॉयवरच राहिला. आणायला परत जाणं बरं दिसलं नसतं.

घरी येऊन मी भात लावला. दुसऱ्या दिवशी दोन शिकवण्या घेतल्या, अव्यये झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“आपली गाडी आमच्या पार्किंगमध्ये तेल सांडून गेली,” दिगंबरचा आवाज. “सोसायटीने मला दंडाचं पत्र दिलंय. पाहुण्यांची गाडी, जबाबदारी सभासदाची.”

“मी भरतो.”

“भरालच.” मागे विमान गेलं. “मी बघून आलो खाली. टॉर्च घेऊन.”

“बरं.”

“नऊ थेंब आहेत. सगळे मागच्या चाकाचे.” मग त्याचा आवाज चढला. “नऊच्या नऊ तांबडे आहेत, गाढवा. तांबडं शिल्लक तरी आहे का गिअरबॉक्सात? का तसाच हिंडतोयस?”

मी म्हटलं, “तसाच हिंडतोय.”

“चालवू नकोस. उभी कर. हा रविवार मला जमत नाही, नातवाचा वाढदिवस. पुढच्या रविवारी बघू. बघू म्हणालोय, येतो म्हणालो नाही.” आणि त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नाना पेठेतून सील आणलं. बसवून देऊ का, असं दुकानदाराने विचारलं, समोरच त्याचा माणूस होता. नको म्हटलं. संध्याकाळी चेअरमनना लेखी उत्तर दिलं. त्यांची सवय मोडायला नको.

‘मा. चेअरमन, स. न. वि. वि. गळतीचे निदान झाले आहे. मात्र दुरुस्ती करणारे गृहस्थ पुढच्या रविवारी येण्याचा संभव असल्याने आणखी पंधरा दिवसांची मुदत मिळावी. तोपर्यंत खाली पुठ्ठा टाकत आहे.’

बोर्डावर उत्तर आलं : ‘संभव म्हणजे काय, ते स्पष्ट करावे.’

ते मी अजून करू शकलेलो नाही. पाने मात्र पुसून ठेवले आहेत. कपही दोन घासून ठेवलेत.