आईच्या घराची लांबी

सांगलीतलं आईचं घर लांबत चाललंय, हे सन्मती चौगुलेला आइंडहोवनमध्ये बसून सगळ्यात आधी कळलं. कारण फरश्या तो मोजत होता.

नऊ वर्षांपूर्वी परदेशी निघताना त्याने आपलं जुनं सिमकार्ड एका बटणांच्या फोनमध्ये घालून आईच्या हवाली केलं होतं. बँकेला नवा नंबर कळवायला हवा होता, पण वडील म्हणाले, "कशाला उगाच? दोन वर्षांत परत यायचंच आहे की." वडील गेले, दोन वर्षांची नऊ झाली आणि नंबर तोच राहिला. त्या सिमची रेंज घरात फक्त मागच्या गॅलरीत यायची, म्हणून फोन तिथे खुंटीवर एका कापडी पिशवीत टांगलेला असायचा. सन्मतीने इथून विजेचं बिल भरायला घेतलं की बँकेचा कोड तिथे जाऊन पडायचा. मग तो आईला व्हिडिओ कॉल लावायचा. आई आपला मोबाइल हातात धरून सोफ्यावरून उठायची आणि गॅलरीत जाऊन आकडे वाचून दाखवायची. चालताना फोन खाली धरलेला असल्यामुळे त्याला आईचा चेहरा दिसत नसे. तिची निळी स्लीपर आणि ठिपक्यांची फरशी तेवढी दिसे. सोफ्यापासून गॅलरीपर्यंत बारा पावलं. स्वयंपाकघराच्या दाराशी एक फरशी फुटलेली होती, ती सातवी.

दिवाळीनंतर पावलं एकोणीस झाली. फुटकी फरशी सातवीच होती, पण तिच्यापुढे त्याने कधी न पाहिलेल्या फरश्या आल्या होत्या.

"आई, फिरून फिरून का चालतीयेस?"

"सरळच चालले की रे. घर लांबलंय."

"घर कसं लांबेल?"

"आता ते मला काय ठाऊक. पोपडे पडतात तेव्हा मी विचारते का, कसे पडतात म्हणून?"

पुढच्या आठवड्यात गॅलरी गाठायला अकरा मिनिटं लागली. कोड दहा मिनिटंच चालतो. आईने आकडे वाचले तोवर ते शिळे झाले होते, म्हणून दुसरा कोड मागवला आणि तिला तिथेच उभं ठेवलं. हे त्यातल्या त्यात बरं होतं. पण बँकेने तेवढ्यात त्या दिवसापुरता त्याचा नंबर अडकवला, आणि आई एकाहत्तर वर्षांची, दुखऱ्या गुडघ्याची, अकरा मिनिटं परत चालत आली.

शेजारच्या मगदूम काकींना पाठवून पाहिलं. त्या कमरेला पदर खोचून आत गेल्या आणि मिनिटात पिशवी घेऊन आल्या. त्यांच्यासाठी घर बारा पावलांचंच होतं. त्यांच्या हातातल्या फोनवर मात्र एकही मेसेज नव्हता. "तुझ्या आईचं आईलाच आणू दे," असं म्हणून त्यांनी पिशवी परत खुंटीला लावली.

सन्मतीचं डोकं चालेना. आईचं सगळं त्याच खात्यावर चालायचं: वीज, गॅस, सोसायटी, गुडघ्याच्या गोळ्या. आणि बँकेचं पत्र आलं होतं की तीस नोव्हेंबरपर्यंत ओळख पटवली नाही तर खातं बंद. ओळख पटवायची तर कोड हवा. नंबर बदलून आपला इथला द्यावा, म्हणजे म्हातारीची पायपीट कायमची सुटेल, असं त्याने ठरवलं. तर नंबर बदलायलाही जुन्या नंबरवरचाच कोड हवा होता. म्हणजे आईने आणखी एकदा जायला हवं. एकदाच, असं तो स्वतःला बजावत राहिला.

त्याने बँकेच्या शाखेतल्या आवटी मॅडमना व्हिडिओ कॉलवर गाठलं. लॅपटॉपवर त्यांचा अर्धाच चेहरा दिसायचा, बाकी अर्ध्यात फायली असायच्या.

"मॅडम, कोडची मुदत वाढवून मिळेल का? आईचं घर लांबलंय."

"किती?"

"आता दोन किलोमीटर असेल."

"आमच्याकडे बावीस फूट आहे," मॅडम कागद बघत म्हणाल्या. "सोसायटीचा दाखला आणा."

"सोसायटीच्या सेक्रेटरींनी मोजलं. त्यांनाही बावीस फूटच भरलं."

"मग स्वतः लिहून द्या. परदेशातल्या खातेदारांचे असे अर्ज रोज येतात, सर. त्यात लांबी लिहायला जागा असते. लिहाल त्या हिशेबाने मुदत मिळेल."

सन्मती जुन्या वळणाचा माणूस. शाळेच्या अर्जावर जन्मतारीख आणि रजेच्या अर्जावर दिवस नेहमी थोडे सोयीने लिहावेत, हे त्याला घरीच शिकवलेलं. दोन लिहिलं आणि आईला वाटेत बसावंसं वाटलं तर? त्याने सहा किलोमीटर लिहिलं आणि सही केली. दहा मिनिटांत उत्तर आलं: कोड सूर्यास्तापर्यंत चालेल. त्याला आपल्या हुशारीचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "सन्मती, स्वयंपाकघर कुठं गेलं रे? मघापासून चालतीये, अजून कुकरची शिट्टीच ऐकू येतीये नुसती."

घर अर्जाबरहुकूम सहा किलोमीटर झालं होतं. आईला मात्र त्याने खरं सांगितलं नाही. फक्त म्हणाला, एवढी शेवटची खेप कर, मग कधीच जावं लागणार नाही.

तीस तारखेला आई सकाळी सातलाच निघाली. सूर्यास्तानंतर ती जेवत नाही. लग्नाआधीपासून कधी जेवलेली नाही. म्हणून तिने दशम्या आणि चटणीचा डबा बरोबर घेतला आणि पाणी गाळून बाटलीत भरलं. आइंडहोवनमध्ये अजून अंधार होता. त्याने लॅपटॉपवर बँकेचं पान उघडलं, फोन समोर उभा केला आणि आईची निळी स्लीपर बघत बसला. दीड तासाने फुटकी फरशी गेली. त्यानंतर सगळ्या धड फरश्या होत्या.

"भिंती आहेत का गं बाजूला?"

"आहेत की. तुझ्या उंचीच्या खुणा आहेत पेन्सिलीच्या. तू गेल्यावरच्यापण आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, दर वर्षाची एक. कुणी केल्या कुणास ठाऊक. फार उंच झालायस तू."

दुपारी ती भिंतीला टेकून बसली आणि डबा खाल्ला. त्याने इथे काहीच खाल्लं नव्हतं, तरी आपण जेवलो म्हणून सांगितलं. तिच्या चालण्यात लंगडणं आलं होतं, डावं पाऊल आधी आणि मग ओढत उजवं. त्याला दहा वेळा वाटलं, म्हणावं की आई, परत फीर, जळो ते खातं. पण दहाही वेळा तिने जेवढं अंतर कापलं होतं, ते उरलेल्यापेक्षा जास्त होतं.

सहाला दोन मिनिटं कमी असताना फोनमध्ये उजेड आला. गॅलरीचे गज दिसले, दोरीवरचा पिवळा टॉवेल दिसला. आईने पिशवीतून फोन काढला.

"वाचते हं. चार. शून्य. शून्य. नऊ. दोन. सात."

त्याने आकडे घातले. पानावर हिरवी खूण उमटली: आपली ओळख पटली असून नंबर बदलण्यात आला आहे. सन्मतीला रडू आलं, आणि ते त्याने येऊ दिलं.

"झालं गं आई. संपलं. आता तुला परत कधी यावं लागणार नाही."

"इथं?"

"हो, इथं."

आईने फोन फिरवून आतली बाजू दाखवली. फरश्या जात जात बारीक होत होत्या आणि पुढे काळोख होता. "इथून हॉल दिसत नाही रे," ती म्हणाली. "मी जरा बसते. गार वारं सुटलंय. तू जेवून घे, आवाज बसलाय तुझा." नऊ वर्षांत प्रथमच तिने गॅलरीत फोन चेहऱ्यासमोर धरला होता. पण तोवर उजेड गेला होता, आणि मग बॅटरीही गेली.

रात्रभर फोन लागला नाही. सकाळी मगदूम काकी किल्ली लावून आत गेल्या. बारा पावलं टाकून गॅलरीत पोचल्या. पिवळा टॉवेल वाळलेला होता. खुंटीवर पिशवी होती, खाली धुतलेला डबा पालथा घातलेला होता. आई नव्हती, तिची स्लीपरही नव्हती.

त्याने लॅपटॉपवरून आवटी मॅडमना गाठलं. घर कमी करायचं आहे, एवढंच त्याला सांगता आलं.

"बावीस फुटांवर आणायचं ना? होईल, सर," मॅडम म्हणाल्या. "कोड पाठवते. तेवढा वाचून दाखवा."

"कुठे पाठवताय?"

"तुमच्याच नंबरवर. कालच बदललात की."

आतल्या खोलीत खिडकीपाशी चार्जिंगला लावलेला त्याचा फोन वाजला. टेबलापासून खिडकी सात पावलांवर होती. सन्मती उठला. सात पावलं झाली, मग सत्तर झाली. तो परत आला, नळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं आणि पुन्हा निघाला.

बऱ्याच वेळाने पायाखालची लाकडी जमीन संपली आणि ठिपक्यांची फरशी लागली. पुढे खूप लांबवर, बोटभर दिसणारं काहीतरी पिवळं वाऱ्याने हलत होतं. मागून, टेबलावरच्या लॅपटॉपमधून, आवटी मॅडमचा आवाज आला.

"सर, तुमच्याकडे सूर्यास्त किती वाजता असतो?"