अखाजीचं सारवण

आमच्या डोंगरपायथ्याच्या गावात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आणि त्या यायच्या आधी माय शेणामातीनं भिंती सारवते. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फक्त फवारणीवाल्यांना माहीत नव्हतं. ते नेमके अखाजीच्या तोंडावर आले, भिंतींवर डास-माश्यांचं औषध मारलं, दारावर खडूनं तारीख लिहिली आणि जीपमध्ये बसून गेले. काही दिवस सारवू नका, एवढं सांगायला काय जीभ झिजत होती? आम्ही बायांनी दुसऱ्याच दिवशी बठ्ठ्या, एकूणएक भिंती सारवून काढल्या.

माझी रेशमा आली, लहानग्या कामिनीला घेऊन. उकाड्यानं माय-लेकी पडवीत भिंतीला लागून निजायच्या. सण झाला, ती शिंदखेड्याकडे सासरी गेली. पोळ्याच्या सुमारास तिच्या नाकाशेजारी पुटकुळी उठली. ती फुटली, खड्डा पडला, आणि काही केल्या भरेना. विहीणबाई यशोदाबाईंनी महारोग ठरवून टाकला. डॉक्टरही त्याच आणि न्यायाधीशही त्याच. रेशमाला माझ्याकडे धाडलं आणि नातीला ठेवून घेतलं.

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखमेतलं खरवडून तपासलं. म्हणाल्या, "हे वाळूमाशी चावून झालंय. डासाहून लहान असते, आवाज करत नाही, दिवसा भिंतीच्या भेगांत बसते. शिवल्यानं हा रोग होत नाही. लेकीला खुशाल जवळ घे." मग जखमेतच सुया टोचल्या. सुई झाली की रेशमा फक्त विचारायची, "आता कामिनीला आणायचं ना, माय?"

त्यानंतर फवारणीवाल्यांचे साहेब गावात आले. भिंतीवर बोट फिरवून मलाच म्हणाले, "औषधावर सारवलंत? मग माशी मरेल कशी? तुम्हा लोकांना अक्कल कधी येणार?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "साहेब, अखाजी काय यंदाच निघाली? तुमच्या माणसानं एक शब्द टाकला असता, तर लेकीला न सारवलेल्या भिंतींत निजवलं असतं मी. चोर सोडून संन्याशाला फाशी देता होय?" साहेब जीपमध्ये जाऊन बसले.

जखम भरत आली तशी मी रेशमाला घेऊन तिच्या सासरी गेले. जावई रोहिदास खाली मान घालून बैलाला पाणी पाजत राहिला. यशोदाबाईंनी उंबऱ्यातच वाट अडवली आणि अंगणाकडं बोट दाखवून रेशमाला म्हणाल्या, "मझार नको येऊ, तठेच बस." मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. रेशमाचा गाल माझ्या गालाला लावून दाखवला. "एका ताटात जेवतो आम्ही. मला काय झालं, सांगा." पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात कामिनी बाहेर आली. रेशमानं हात पसरले. पोर थबकली, आत गेली आणि दोन्ही हातांनी सांभाळत पाण्याचा एक चेपका पेला घेऊन आली. वेगळा ओळखू यावा म्हणून त्याला चिंधी बांधली होती. आईपासून हातभर लांब तिनं तो ठेवला, मागं सरकली आणि यशोदाबाईंकडं बघून हसली. शिकवल्यासारखं बरोबर केलं ना, म्हणून.

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. रेशमानं माझा हात दाबला, पेला उचलला आणि लेकीनं आणलेलं पाणी सगळं पिऊन टाकलं.