दाराची जांभई

१९६७ साल होते. मित्रांनो, मी एक जुनी, उघड्या टपाची, लाल गाडी आहे. दोन माणसे बसतील एवढीच जागा, आणि पुढे बारा सिलिंडरांचे इंजिन. आता मी फार थकले आहे. माझी पुष्कळ वर्षे पुसट झाली. पण त्या सालचा जून महिना मला अजून तारीखवार आठवतो.

मोदेनाच्या दक्षिणेला, सपाट शेते संपून डोंगर सुरू होतात तिथल्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. मालक होते इंजिनिअर ओलिंतो कांतेर्जानी. भर उन्हाळ्यातही डोक्यावर हॅट आणि पाटलोणीला गॅलस, म्हणजे खांद्यावरून घेतलेले पट्टे. त्यांच्याकडे अकरा पुरुष कामाला होते आणि एक बाई. पत्र्याचे कारागीर ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्यांनी दिवसचे दिवस ठोकत. माझ्या अंगाची गोलाई साच्यातून आली नाही, त्या हातोड्यांतून आली. म्हणूनच माझा डावा गाल उजव्यापेक्षा किंचित फुगीर आहे. कारखान्यातली ती एकटी बाई म्हणजे इव्होन. तिने माझी आसने शिवली, आणि जाड कापडाचा टपही शिवला. तिचा टाका दुहेरी असे. पुढे टप फाटला, पण टाका उसवला नाही.

इव्होनचा नवरा एर्मेस तयार झालेल्या गाड्या चालवून तपासत असे. कारखान्यात एक तपकिरी वही होती. एर्मेसने तीत सही केल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर विकायला जात नसे. असा तिथला नियमच होता.

तो मला कसा चालवी, ते सांगते. तेल गरम होईपर्यंत तो मला घाई करत नसे. "म्हातारीला आधी कॉफी घेऊ दे," असे म्हणे. मी तेव्हा एक महिन्याची होते! मग आम्ही आबेतोनेच्या घाटाकडे निघायचो. इंजिनाच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत मी गुरगुरत असे. पाच हजारांवर माझा आवाज मोकळा होई. सात हजारांवर एर्मेसही बोलायचा थांबे. वळण आले की तो ब्रेक दाबता दाबता त्याच पायाच्या टाचेने ॲक्सिलरेटरला किंचित टोची, म्हणजे गिअर खाली उतरताना मला हिसका बसत नसे. डोक्यावर छप्पर नसल्यामुळे चेस्टनटच्या झाडांची सावली थेट आसनांवर पडे, आणि तापलेल्या ब्रेकचा वास मागे राही. तसा आनंद मला नंतर कुणी दिला नाही.

पण माझ्यात एक खोट होती. मी आधी छप्पर असलेल्या गाडीच्या आराखड्यावरून बनले होते. मालकांनी नुसते छप्पर कापले. मित्रांनो, बुटांचा खोका हातात घ्या आणि पिळून पाहा. झाकण असेल तर तो ताठ राहतो, झाकण काढले की वाकतो. माझे तेच झाले. जोरात वळण घेतले की माझे अंग पिळवटे, आणि उजव्या दाराची फट क्षणभर रुंद होऊन परत मिटे. एर्मेस म्हणे, गाडी जांभई देते.

"बंद दार जांभई कशी देईल?" मालक म्हणाले. "माझं गणित जांभया देत नाही, एर्मेस."

"गणित देत नसेल, साहेब. गाडी देते. एखाद्या दिवशी दाराचा खटका सुटेल, आणि शेजारचा माणूस दरीत जाईल."

"ताठपणासाठी खालून लोखंडी नळ्या जोडल्या तर वजन किती वाढेल, माहीत आहे? वेग कमी होईल. ही गाडी घेणाऱ्या लुगानोच्या गृहस्थांना मी ताशी अडीचशे किलोमीटरचा शब्द दिलाय. सतरा तारखेला ते बायकोला घेऊन येतायत, आणि इथूनच दोघं घाटाने जाणार आहेत. त्याआधी वहीत सही कर. नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस."

एर्मेस बावन्न वर्षांचा होता. त्या वयात त्याला दुसरीकडे कोण ठेवणार होते? त्या दिवशी त्याने मला धुतले, पण शीळ घातली नाही.

उपाय इव्होनने काढला. रविवारी ती ताल्यातेल्ले करत असे, म्हणजे अंड्यात मळलेल्या पिठाच्या चपट्या शेवया. एकदा तिने त्या दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडव्या वाळत घातल्या होत्या. एर्मेसने एक खुर्ची बोटभर सरकवली, आणि एकूण एक शेवई काडकन मोडली. त्यावरून तो आठवडाभर बोलणी खात होता. आता तीच गोष्ट तिच्या कामी आली.

आठ जूनला ती त्याच शेवयांच्या सुकलेल्या दोन पट्ट्या रुमालात गुंडाळून घेऊन आली. अंड्याच्या पांढऱ्या बलकाने तिने एक पट्टी आतल्या बाजूने उजव्या दाराच्या फटीवर आडवी चिकटवली. अर्धी दारावर, अर्धी मागच्या पत्र्यावर. दुसरी तिने अख्खी दारावरच लावली.

"दुसरी कशाला?" एर्मेसने विचारले.

"साहेब म्हणतील, हादऱ्याने तुटली. हादऱ्याने तुटायची असेल तर दोन्ही तुटतील. आता जा, आणि जेवायच्या आत परत ये. सूप थांबणार नाही."

आम्ही घाट चढून आलो. दारावरची पट्टी जशीच्या तशी होती. फटीवरची मधोमध तुटली होती.

मालकांनी चष्मा लावून दोन्ही पट्ट्या पाहिल्या. कारागीर कामे टाकून भोवती जमले. मालकांचे कान लाल झाले.

"ही तू बोटाने मोडलीस," ते म्हणाले.

एर्मेसने बावीस वर्षांत वहीत एकही खोटी ओळ लिहिली नव्हती. पण उत्तर दिले ते इव्होनने.

"मग उद्या तुम्हीच बसा त्याच्या शेजारी. पट्टीवर तुमचीच नजर ठेवा. पण साहेब, कंबरेला माझा पट्टा बांधून बसायचं."

"मी काय दूधपितं पोर आहे, इव्होनबाई?"

"पोर असतात तर ऐकलं असतंत."

कारागीर हसले, आणि मग मालकांना नाही म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी इव्होनने फटीवर नवी पट्टी चिकटवली. दार उघडले असते तर पट्टी मोडली असती, म्हणून मालक दारावरून पाय टाकून आत उतरले. टपाच्या जाड पट्ट्याचा तुकडा इव्होनने त्यांच्या कंबरेभोवती घेतला आणि आसनामागच्या दांड्याला वेढा देऊन दुहेरी टाक्याने शिवून टाकला. गाठीवर तिचा विश्वास नव्हता.

घाटात पहिली नऊ वळणे झाली. पट्टी शाबूत होती.

"काय रे, कुठे गेली तुझी जांभई? झोप झाली वाटतं तिची!" मालक ओरडले.

"पूल येऊ द्या, साहेब."

पुलानंतर डावीकडे एक लांब वळण होते, उजव्या हाताला दरी. एर्मेसने मला रोजच्याच वेगाने आत घातले, कणभरही जास्त नाही. मी पिळवटले. मला स्वतःची लाज वाटत होती, पण मी काय करणार? पट्टी काडकन मोडली, आणि त्याच क्षणी खटका सुटून दार सताड उघडले. मालक बाहेर कलंडले. त्यांची हॅट दरीत गेली. पट्टा ताणला, टाका करकरला, आणि टिकला. एर्मेसने एका हाताने त्यांचे गॅलस धरले आणि दुसऱ्याने मला सरळ करून कडेला उभे केले.

मालकांनी डोक्याला हात लावून पाहिला. मग मालक म्हणाले, "नवी हॅट घ्यावी लागेल."

"हो, साहेब."

"आणि एर्मेस... काल मी जे बोललो ते बोलायला नको होतं."

"आज सूप थंड व्हायच्या आत पोचलो, तर ती दोघांनाही माफ करेल," एर्मेस म्हणाला.

पुढचा आठवडाभर माझ्या पोटाखाली वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. नळ्या बसल्या. मी जड झाले. सोळा तारखेला इव्होनने पुन्हा पट्टी लावली आणि एर्मेसने मला घाटात नेले. मी सगळी वळणे घेतली. पट्टी मोडली नाही.

त्या दिवशी मालकांनी पेन्सिल घेऊन त्या पट्टीवरच तारीख आणि सही केली, फटीच्या अलीकडून पलीकडे जाईल अशी. इव्होनने ओल्या बोटाने पट्टी मऊ केली, ब्लेडने फटीवर कापली आणि वर वार्निशचा हात दिला. अर्धी सही दारावर राहिली, अर्धी पत्र्यावर. दार लावले की सही पुरी होई. माझे अंग पुन्हा कधी वाकलेच, तर अक्षरे जुळली नसती. मग एर्मेसने वहीत सही केली.

सतरा तारखेला लुगानोचे गृहस्थ आले. मालकांनी त्यांना खरे सांगितले, की आता ताशी दोनशे त्रेचाळीसच. ते गृहस्थ हात मिळवून, मला न घेताच निघून गेले.

तीन वर्षांनी कारखाना बंद पडला. कारणे आणखीही होती, पण सुरुवात मला माहीत आहे. मालक मोदेनाच्या तंत्रशाळेत गणित शिकवू लागले. पहिल्या तासाला ते फळ्यावर गाडी काढत आणि म्हणत, "शेजारच्या आसनावर आधी स्वतः बसा." ते १९८१ साली गेले. एर्मेस दूधसंघाचा ट्रक चालवून निवृत्त झाला. शेवटपर्यंत तो कुठल्याही गाडीत बसला की आधी दाराची फट बघे.

मला बोलोन्याच्या एका दाताच्या डॉक्टरांनी घेतले. ते गेल्यावर मी विन्योलाजवळच्या एका कोठारात पडून राहिले. बावीस वर्षे माझ्यावर चेरीच्या पेट्या रचल्या. माझ्या आसनावर कोंबड्यांनी अंडी घातली. उंदरांनी टप खाल्ला, पण वार्निश त्यांना आवडले नसावे. पट्टी राहिली. वर्षातून एकदा कुणी झाडलोट करायला दार उघडून पुन्हा लावी, आणि त्या धुळीतही सहीची अक्षरे जुळत. तेवढाच मला आधार होता.

मग जाणकार लोक आले. त्यांनी मला प्रेमाने नेले, धुतले, नवा रंग दिला, नवा टप चढवला. एका हुशार माणसाला दाराच्या कडेला पिवळट काहीतरी चिकटलेले दिसले. त्याने लहान सुरी घेतली आणि अर्ध्या मिनिटात ते खरवडून काढले.

आता मी संग्रहालयात दोरीच्या आड उभी असते. इथे मला कुणी चालवत नाही, कुणी रागावतही नाही.

इव्होन एकदा आली होती. एक्याऐंशी वर्षांची, हातात काठी. दोरीवरून वाकून तिने बोट आत घातले आणि दाराच्या कडेवरून फिरवले. कड गुळगुळीत होती.

"आजी, हात लावू नका," रखवालदार म्हणाला. "डाग पडतो."

"खरवडलंत होय?" ती म्हणाली.

त्याला काही कळले नाही. तिने बोट रुमालाला पुसले आणि ती निघून गेली. त्याच हिवाळ्यात ती वारली, असे दोन पाहुणे बोलताना मी ऐकले.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर स्वच्छ करा. पण सुरी उचलण्याआधी एकदा विचारा, हे इथे कुणी लावले होते, आणि कशासाठी? विचारायला माणूस उरलेला असेल, तोवर विचारा.