अपोलिसच्या कबरीवरची हीथ

आमच्या गावात ईस्टरच्या आधी कबरी साफ करतात. गवत उपटायचं, कडेच्या दगडांना चुना फासायचा, फुलं ठेवायची. ईस्टरच्या पहाटे बँडमागून सगळं गाव कब्रस्तानात येतं आणि ज्याची कबर मळकी, त्या घराबद्दल वर्षभर तोंडं चालतात.

या साफसफाईनेच माझा जीव खाल्लाय.

ड्रुसिलामावशीच्या नवऱ्याच्या, अपोलिसच्या, कबरीवर वीतभर उंचीची हीथ, घंटेसारख्या फुलांचं रानझुडूप, उगवली होती. डोंगरावर गुलाबी हीथ हवी तेवढी आहे. शहराच्या बाजारासाठी तिच्या जुड्या बांधण्यातच आमचं आयुष्य गेलं. मला ती तसलीच वाटली. सहज फुलाला हात लावला तर बोट चिकटलं. डोंगरातली कोरडी असते. हिचं घंटेसारखं फूल डिंकासारखं चिकट, तोंड मिटलेलं, सुईएवढी पानं तीन-तीनच्या झुबक्यांत. ही पाणथळीतली हीथ. द्राक्षमळेवाल्यांनी पाणथळ आटवली, मग साहेबलोकांनी येऊन हळहळ केली, 'इथली हीथ नामशेष झाली' अशी पाटी लावली. पाटी अजून उभी आहे. पाटीला फूल येत नाही.

मी रोपवाटिकेत काम करते. मावशीला विचारून कबरीवरच्या फांद्या आणून लावल्या, सगळ्या कुजल्या. मूळ हलवलं की हीथ मरते, म्हणून झुडूप उपटून आणायची सोय नव्हती. मी हात जोडले, "मावशी, यंदा हे उपटू नकोस. गावात एवढं एकच उरलंय."

"म्हणजे माझा नवरा झिपऱ्या वाढवून देवापुढे उभा राहणार?"

"जिवंतपणी कधी विंचरल्या होत्या त्याने?"

ती हसली. उपटलं नाही. पण प्रेमाने बुंध्याशी मेंढीचं खत घातलं आणि उरलेला चुना भोवती ओतला, शोभा यावी म्हणून. काही दिवसांतच झुडूप तपकिरी पडलं.

"एवढं खायला घातलं तरी मेलं गं!"

"खायला घातलंस म्हणूनच मेलं. याला उपाशी राहायची सवय होती, आपल्यासारखी."

मला ओरडायचं होतं. मी एवढंच म्हणाले, "खालच्या मातीत जुनं बी पडलेलं असेल. धूर दिला की उगवतं, डोंगर जळाल्यावर उगवतं तसं. ती माती मला दे."

मावशीचा चेहरा दगड झाला. "जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, तेव्हा त्याला तिथूनच उठायचंय. अंगावरचं पांघरूण ओढतेस होय? चालती हो."

मी चालती झाले. झालं, संपलं, असं म्हणून रोपवाटिकेत कुंड्या घासत बसले.

आठवड्याने ती दारात उभी. हातात पाव भाजायचा डबा, मातीने भरलेला, काखेत ते मेलेलं झुडूप. नखं काळी.

"मीच काढली. चुना, खत खरवडून टाकलं आधी. दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नसता."

डबा ताडपत्रीखाली ठेवून मी तिथेच ते मेलेलं झुडूप पेटवलं, धूर कोंडावा म्हणून वर ओलं गवत टाकलं. मावशी बाहेर बसून खोकत होती. म्हणाली, "त्याच्या पाइपचा वास अस्साच यायचा. जीव नकोसा करायचा मेला."

आमच्याकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो; त्या पावसात डब्यात हिरवं आलं. बहुतेक गवतच. कोपऱ्यात थोडे बारीक कोंब, पानं तीन-तीन.

"हीच का गं?"

"फुलल्यावर बोट चिकटलं तर हीच. दोन-तीन वर्षं तरी लागतील."

"तोवर मीही मातीखाली असेन."

"बरं होईल. खत घालायला कुणी उरणार नाही."

पुढच्या ईस्टरला सगळ्या कबरी सपाट, पांढऱ्याशुभ्र. अपोलिसच्या कबरीवर मात्र पावाच्या डब्याएवढा खड्डा, तसाच. पाद्र्याच्या बायकोने नाक मुरडलं, "ड्रुसिला, हे बुजवायला वेळ नाही मिळाला?"

"बुजवायचं नाहीये," मावशी म्हणाली. "तिथली माती कामावर गेलीय."